पाखराच्या मेंदूतील नकाशा

१३ एप्रिल १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू ओरिसातील संबळपूर येथे होते. तेथून त्यांना कटकला एक निरोप धाडावयाचा होता. कटकच्या जाहीर सभेची मांडणी अशी असू नये की जिच्यामुळे वक्ता आणि श्रोते एकमेकांपासून दुरावतील, एवढाच त्याचा आशय. हा निरोप ओरिसा पोलिसांच्या एका कबुतरावर सोपविण्यात आला. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचे हवाई अंतर कापून ते पाखरू पाच तास वीस मिनिटांत कटकला पोहोचले.

ओरिसा पोलिसांचे हे कबूतर-दल १९४६ साली कोरापुट जिल्ह्यात प्रयोगादाखल सुरू झाले होते. सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांवर त्याची उभारणी झाली आणि पुढे कटक हे त्याचे मुख्य ठाणे बनले. १९८२ च्या महापुरात आणि १९९९ च्या चक्रीवादळात, तारा तुटलेल्या आणि रस्ते बुडालेले असताना, या पाखरांनी निरोप वाहून नेले. दूरध्वनीचे जाळे पसरल्यावर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, त्यांचे नित्याचे काम थांबले.

निरोप नेणारे कबूतर पत्ता जाणत नाही, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. त्याला 'कटकला जा' असे सांगता येत नाही. कोठूनही सोडले तरी ते स्वतःच्या ढाबळीकडे परतते, एवढाच त्याचा गुण. म्हणून कटकची कबुतरे टोपलीत घालून आधी संबळपूरला न्यावी लागतात. जाणे आणि येणे अशी दुहेरी फेरी करवून घ्यावयाची असेल तर कबुतरे पाळणारे लोक एक जुनी युक्ती योजतात: वस्ती एका ठाण्यात, दाणापाणी दुसऱ्या ठाण्यात. ओरिसाच्या दलातही अशी दुहेरी फेरीची एक शाखा होती आणि तिला 'बूमरँग' असे नाव होते.

टोपलीत कोंडून परक्या मुलखात नेलेल्या या पाखराला दोन गोष्टी कळाव्या लागतात. आपण कोठे आहोत, ही पहिली. आणि घराची दिशा आकाशाच्या कोणत्या बाजूस येते, ही दुसरी. या दोन्ही प्रश्नांची उकल ज्या मेंदूत होते त्याचे वजन सुमारे दोन ग्रॅम असते. ती कशी होते, याचा शोध घेण्यापूर्वी विज्ञानाला स्वतःच्याच एका जुन्या समजुतीतून बाहेर पडावे लागले. म्हणून आरंभ तेथूनच करणे इष्ट.

इंग्रजीत मंदबुद्धी माणसाला 'पक्ष्याच्या मेंदूचा' म्हणण्याची रीत आहे. मराठी बोलणारे लोक मूर्खपणाचे खापर बैलाच्या आणि गाढवाच्या माथी फोडतात. पाखरे त्यातून बहुतांशी सुटली आहेत. परंतु इंग्रजीतील हा वाक्प्रचार केवळ बोलण्यापुरता उरला नाही, त्याला शास्त्राचा आधार मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग एडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने निरनिराळ्या प्राण्यांच्या मेंदूंची तुलना केली. मेंदूची उत्क्रांती म्हणजे जुन्या घरावर मजल्यावर मजला चढत जावा तशी घटना, अशी त्याची कल्पना होती. तळमजला माशांचा, त्यावरचा सरपटणाऱ्या प्राण्यांचा, आणि विचारशक्तीचा वरचा मजला केवळ सस्तन प्राण्यांचा. सस्तन प्राण्यांत हा मजला म्हणजे मेंदूची सुरकुतलेली बाहेरची साल, बाह्यक. पक्ष्याच्या मेंदूवर अशी साल नाही. तेथे चेतापेशींचे गुळगुळीत पुंजके आहेत. सस्तन प्राण्यांत असे पुंजके खोलवर असतात आणि ते मुख्यतः अंगवळणी पडलेल्या हालचालींशी निगडित असतात. त्यांना 'स्ट्रायटम' म्हणतात. मग पक्ष्याच्या पुढच्या मेंदूतील जवळजवळ प्रत्येक भागाच्या नावाला हाच शब्द जोडला गेला: पॅलिओस्ट्रायटम, निओस्ट्रायटम, हायपरस्ट्रायटम.

नाव चुकले की विचारही चुकीच्या वाटेने जातो, याचे याहून ठळक उदाहरण शरीरशास्त्रात क्वचितच सापडेल. ज्या मेंदूचा प्रत्येक कोपरा 'सवयीचा' म्हणून आधीच नोंदविला गेला आहे, त्यात स्मृती किंवा निवड शोधावयास कोण जाणार? पक्षी म्हणजे सहजप्रेरणेचे यंत्र, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. यथावकाश पुरावे उलट दिशेने जमा होत गेले. २००२ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात या विषयातील तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी ठरविलेली नवी नावे २००४ साली प्रसिद्ध झाली. पक्ष्याच्या पुढच्या मेंदूचा बहुतांश भाग हा सस्तन प्राण्यांच्या बाह्यकाचा सगोत्र आहे, केवळ त्याची बांधणी निराळी आहे, हे त्यामुळे मान्य झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीने आणखी एक समजूत दूर केली. पोपट आणि गाणारे पक्षी यांच्या मेंदूत, तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूत असतात त्याच्या साधारण दुप्पट चेतापेशी असतात. पाखराचा मेंदू लहान आहे खरा, पण तो दाटीवाटीने भरलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गुस्ताव क्रामर या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास पिंजऱ्यातील स्टार्लिंग पक्ष्यांवर प्रयोग केले. स्टार्लिंग हा आपल्याकडील साळुंकी आणि भोरडी यांच्या कुळातील पक्षी. स्थलांतराच्या हंगामात हे पक्षी पिंजऱ्यातही ठरावीक दिशेकडे तोंड करून फडफडतात. खिडक्यांवर आरसे बसवून क्रामरने सूर्यप्रकाश भलत्या बाजूने आत आणला, तेव्हा पक्ष्यांनी आपली दिशाही त्याच प्रमाणात बदलली. सूर्य दिवसभर सरकत असूनही त्यांची दिशा चुकत नव्हती. म्हणजे वेळेचा हिशेब त्यांच्या अंगातच होता. या हिशेबाचा पडताळा पुढे कबुतरांवर पाहण्यात आला. कृत्रिम दिवस-रात्रीच्या योगाने कबुतराचे अंतर्गत घड्याळ सहा तास पुढे-मागे केले की ते घराच्या दिशेपासून सुमारे नव्वद अंशांनी वळून उडते.

परंतु क्रामरचे अधिक मोलाचे कार्य म्हणजे १९५३ साली त्याने घातलेली एक साधी विभागणी. होकायंत्र हाती असलेला प्रवासी दाट जंगलात सोडला तर त्याला उत्तर कोणती ते कळेल, पण गाव उत्तरेस आहे की दक्षिणेस, हे होकायंत्र सांगणार नाही. त्यासाठी नकाशा हवा. पक्ष्याजवळही या दोन वस्तू वेगवेगळ्या असल्या पाहिजेत, असे क्रामरने प्रतिपादिले. १९५९ साली दक्षिण इटलीतील कड्यांवर रानकबुतरांची पिल्ले मिळविताना पडून त्याचा मृत्यू झाला. त्यानंतरचे सारे संशोधन त्याने आखून दिलेल्या या दोन वाटांनीच पुढे गेले आहे.

त्याच्या म्हणण्याचा सर्वांत प्रभावी पुरावा १९५८ साली पुढे आला. हॉलंडमधील पर्डेक या शास्त्रज्ञाने शरद ऋतूत हेग शहराच्या परिसरात अकरा हजारांहून अधिक स्टार्लिंग पकडले. बाल्टिक समुद्राकडून येणारे हे थवे नैर्ऋत्य-पश्चिमेकडे उडत इंग्लंडचा दक्षिण भाग आणि उत्तर फ्रान्स येथे हिवाळा घालवितात. पर्डेकने त्यांच्या पायांत कडी घातली, त्यांना विमानाने स्वित्झर्लंडमध्ये नेले आणि सोडून दिले. काहीशे किलोमीटर बाजूला सरकविलेले हे पक्षी आता काय करणार, हा प्रश्न होता. जे प्रौढ होते, ज्यांनी पूर्वी एकदा तरी हा प्रवास केला होता, ते वायव्येकडे वळले आणि आपल्या नेहमीच्या मुलखाकडे निघाले. त्याच वर्षी जन्मलेले पक्षी मात्र जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पूर्वीच्याच दिशेने उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेन येथे जाऊन उतरले. त्यांच्याजवळ होकायंत्र होते, नकाशा नव्हता. याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांतील जे जगले त्यांपैकी काही पुढील हिवाळ्यांतही स्पेनकडेच गेले. एका चुकलेल्या प्रवासाने त्यांचा नकाशा लिहिला गेला होता.

होकायंत्राविषयी आज बरीच माहिती उपलब्ध आहे आणि ती एकाहून अधिक आहेत. सूर्याचा उल्लेख आलाच. रात्री प्रवास करणाऱ्या पक्ष्यांसाठी तारे आहेत. स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने इंडिगो बंटिंग नावाच्या लहान पक्ष्यांना तारांगणाच्या कृत्रिम आकाशाखाली ठेवून हे दाखविले. काही पिल्लांना त्याने ध्रुवाऐवजी काक्षी ताऱ्याभोवती फिरणारे आकाश दाखवून वाढविले. ती पिल्ले मोठी झाल्यावर काक्षीलाच उत्तर मानू लागली. तेव्हा उपजत असते ते ताऱ्यांचे ज्ञान नव्हे. आकाशातील स्थिर बिंदू शोधण्याची खोड तेवढी उपजत असते.

तिसरे होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाचे. फ्रँकफुर्ट येथील व्होल्फगांग विल्चको यांनी १९६० च्या दशकात युरोपीय रॉबिन पक्ष्यावर प्रयोग करून ते सिद्ध केले, तेव्हा पुष्कळांनी माना हलविल्या. चुंबकत्व जाणणारे इंद्रिय कोणते, याचे उत्तर अनेकांनी पक्ष्याच्या चोचीत शोधले. रॉबिनच्या बाबतीत ते बहुधा डोळ्यांत आहे. दृष्टिपटलातील क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर प्रकाश पडला असता जी रासायनिक क्रिया घडते तिच्यावर दुर्बळ चुंबकीय क्षेत्राचाही परिणाम होतो, असे २०२१ साली काचपात्रातील प्रयोगांत दिसून आले. हे प्रथिन रॉबिनचेच होते. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठातील हेन्रिक मोरिट्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याआधीच पक्ष्याच्या पुढच्या मेंदूत दृष्टीशी जोडलेला एक भाग शोधून काढला होता. तो रात्रीच्या मंद प्रकाशात विशेष जागृत असतो. त्याला 'क्लस्टर एन' म्हणतात. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा. हा भाग नाहीसा केलेल्या रॉबिनला चुंबकीय दिशा कळेनाशी होते, परंतु सूर्य आणि तारे यांवरून ती त्याला अचूक कळते. चोचीकडून येणारी मज्जातंतूची वाट तोडली तर काहीच बिघडत नाही. होकायंत्रे वेगळी, आणि मेंदूतील त्यांच्या जागाही वेगळ्या.

याच विद्यापीठाच्या आवारात एक अनपेक्षित प्रकार घडला. तेथील लाकडी खोल्यांतील रॉबिनना दिशाच सापडेना. खोल्यांना आतून ॲल्युमिनिअमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, तेव्हा पक्षी पुन्हा नीट दिशा धरू लागले. जोडणी सोडली की पुन्हा गोंधळ. शहरातील विद्युत-उपकरणांतून आणि यंत्रांतून उठणाऱ्या, मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्रांच्या आसपासच्या कंपनसंख्येच्या अतिक्षीण विद्युतचुंबकीय गोंगाटाचा हा परिणाम होता. शहरापासून काही किलोमीटर दूर नेलेल्या पक्ष्यांना पत्र्यांची गरज भासली नाही. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. या लहरींची तीव्रता मनुष्यास अपायकारक मानलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली होती. ज्या शहरांवरून लक्षावधी पक्षी रात्री जातात त्या सर्व शहरांना ही गोष्ट लागू पडण्याजोगी आहे.

नकाशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि अधिक रोचकही. १९४८ साली, म्हणजे नेहरूंचा निरोप घेऊन ते कबूतर उडाले त्याच वर्षी, एडवर्ड टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की उंदीर वाटा पाठ करीत नाही, तो परिसराचा नकाशा मनात तयार करतो. हा नकाशा मेंदूत कोठे असतो याचा पहिला सुगावा १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना लागला. हिपोकॅम्पस या भागातील एखादी चेतापेशी उंदीर एका विशिष्ट जागी आला की जागी होते, दुसरी दुसऱ्या जागी. या कार्यासाठी ओकीफ यांना, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्यासह, २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिपोकॅम्पस हे नाव ग्रीक भाषेतील समुद्रघोड्यावरून पडले, कारण मनुष्याच्या मेंदूत त्याचा आकार तसा वळलेला असतो. पक्ष्याच्या मेंदूत मात्र तो वरच्या बाजूस, मध्यरेषेलगत, एका पातळ पट्टीसारखा असतो. त्यात घोड्यासारखे काहीही नाही.

या पट्टीचे काम कळण्यास मदत केली ती धान्य साठविणाऱ्या पक्ष्यांनी. उत्तर अमेरिकेतील क्लार्कचा नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातील पक्षी शरदात पाइन वृक्षाच्या हजारो बिया ठिकठिकाणी जमिनीत पुरतो आणि महिन्यांनंतर, बर्फाखालूनही, त्या उकरून काढतो. चिकॅडी हा आपल्याकडील वल्गुलीचा नातलग झाडाच्या सालीच्या फटींत दाणे लपवितो. १९८९ साली दोन निरनिराळ्या गटांनी दाखविले की साठवण करणाऱ्या कुळांतील पक्ष्यांचा हिपोकॅम्पस उरलेल्या पुढच्या मेंदूच्या मानाने मोठा असतो. त्याच वर्षी टोरांटो येथे हिपोकॅम्पस काढलेल्या चिकॅडींचे निरीक्षण झाले. ते पूर्वीसारखेच दाणे लपवीत आणि पूर्वीइतक्याच उत्साहाने शोधीतही. मात्र ते सापडणे केवळ नशिबावर अवलंबून राहिले. दाण्याच्या जागेवर ठळक खूण केली तर त्यांना ती ओळखता येई. हरवले होते ते स्थळाचे भान.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिमित्री अरोनोव्ह यांच्या प्रयोगशाळेने २०२१ साली टिटमाउस या साठवण करणाऱ्या पक्ष्याच्या हिपोकॅम्पसमध्ये, उंदरात आढळतात तशाच, स्थळ ओळखणाऱ्या चेतापेशी दाखविल्या. साठवण न करणाऱ्या झेब्रा फिंचमध्ये हे चित्र पुष्कळ फिके होते. २०२४ साली त्याच प्रयोगशाळेतून चिकॅडीविषयी जे प्रसिद्ध झाले ते थक्क करणारे आहे. पक्षी दाणा लपवितो त्या क्षणी त्याच्या हिपोकॅम्पसमध्ये चेतापेशींचा एक विशिष्ट आकृतिबंध क्षणमात्र उमटतो, आणि तोच दाणा परत काढताना तो पुन्हा उमटतो. जवळजवळच्या दोन जागांचे आकृतिबंध भिन्न असतात. इतकेच नव्हे, तर एकाच जागी दोन वेळा ठेवलेल्या दाण्यांचेही भिन्न असतात. दुकानातील प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर छापलेल्या रेघांच्या संकेताची उपमा संशोधकांनी त्याला दिली आहे. नुसते त्या जागी येऊन गेल्याने हा संकेत उमटत नाही. म्हणजे पक्ष्याच्या मेंदूत स्थळांचा नकाशा तर आहेच, शिवाय त्या स्थळी काय घडले याची स्वतंत्र नोंदवहीही आहे.

दिशा आणि स्थळ यांची सांगड याच परिसरात पडत असावी, असे मानावयास आता जागा आहे. २०२२ साली जपानी संशोधकांनी शिअरवॉटर या सागरी पक्ष्याच्या पिल्लांच्या मेंदूत डोक्याची दिशा दर्शविणाऱ्या चेतापेशी पाहिल्या. त्यांतील बऱ्याच पेशी डोके उत्तरेकडे असतानाच अधिक चेतत होत्या. ही पिल्ले थोड्याच दिवसांत पहिल्या सागरी प्रवासास निघणार होती.

आणि कबूतर? इटलीतील पिसा येथे फ्लोरिआनो पापी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी असे दाखविले की वास घेण्याची शक्ती हिरावलेले कबूतर परक्या ठिकाणाहून घरी परतू शकत नाही. वाऱ्यावरून येणाऱ्या वासांचा नकाशा! अनेकांना तो हास्यास्पद वाटला, पण प्रयोग टिकून राहिले. पुढे १९८४ पासून व्हर्नर बिंगमन यांनी पिसा येथील सहकाऱ्यांसह हिपोकॅम्पस काढलेल्या कबुतरांचा मागोवा घेतला. अनुभवी कबूतर दूरच्या परक्या ठिकाणाहून घराची दिशा बरोबर धरते. घराच्या परिसरात आल्यावर मात्र ते घोटाळते. दूरचा, वासांचा नकाशा आधीच तयार झालेला असेल तर तो या शस्त्रक्रियेने पुसला जात नाही. जवळच्या खुणांचा, नद्यांचा, रस्त्यांचा नकाशा मात्र हिपोकॅम्पसवाचून चालत नाही. संबळपूरहून उडालेल्या कबुतराने कदाचित अर्धा रस्ता एका नकाशावर आणि उरलेला दुसऱ्यावर काढला असेल. महानदीने त्याला किती मदत केली, ते कोण सांगणार!

होकायंत्र पुष्कळसे उपजत आणि नकाशा कमावलेला, हा फरक प्रयोगशाळेबाहेरही महत्त्वाचा ठरतो. उत्तर अमेरिकेत जवळजवळ नष्ट झालेल्या व्हूपिंग क्रौंचांची माणसांनी वाढविलेली पिल्ले २००१ पासून २०१५ पर्यंत हलक्या विमानामागून विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेण्यात आली. परतीचा आणि पुढील सर्व प्रवास त्यांनी स्वतः केला. त्यांच्या मार्गांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. थवा किती मोठा आहे याने मार्ग चुकण्याच्या प्रमाणात फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो थव्यातील सर्वांत वयस्क पक्ष्याच्या वयाने. एक अनुभवी पक्षी बरोबर असला तर तरुण पक्षी कमी भरकटत.

भारताला याचा अनुभव दुसऱ्या बाजूने आला आहे. पश्चिम सैबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास करून, अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवरावर विसावा घेत, सैबेरियन क्रौंच राजस्थानातील भरतपूरला येत. १९६० च्या दशकात केवलादेवच्या पाणथळीत त्यांची संख्या दोनशेच्या आसपास होती. जोडपे बहुधा एकच पिल्लू घेऊन येई आणि पिल्लू आईबापांमागून वाट शिके. वाटेवरील शिकार आणि आटत गेलेली तळी यांनी दरवर्षी काही पक्षी टिपले. १९९० च्या दशकात बंदिवासात वाढविलेली काही पिल्ले भरतपूरला आणून सोडण्यात आली. त्यांच्या पंखांत बळ होते, हंगामाची जाणही असावी; परंतु ती उत्तरेच्या प्रवासाला गेली नाहीत. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी केवलादेवला उतरली. त्यानंतर तेथे सैबेरियन क्रौंच आलेला नाही. पूर्व सैबेरियातील हजारो क्रौंच आजही चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. भरतपूरची वाट त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही.